करुणा भाकायची नसते

प्रज्ञा, शील, करुणा. आपल्या विहारांच्या भिंतींवर हे तीन शब्द असतात. नायगावला जा, वरळीला जा, परळच्या पोयबावडीला जा. लग्नपत्रिकेवर असतात, जयंतीच्या कमानीवर असतात. भाषण ठोकणारा पहिल्या शब्दावर पंधरा मिनिटं बोलतो, कारण प्रज्ञा म्हटली की शिक्षण आलं, बाबासाहेबांच्या पदव्या आल्या, ग्रंथ आले. दुसऱ्यावर पाच मिनिटं, म्हणजे दारू पिऊ नका. तिसऱ्या शब्दापर्यंत येईस्तोवर वेळ संपलेला असतो. मग 'जय भीम' आणि चहा. करुणा आपण यमकासारखी वापरतो. ओळ पुरी करायला.

हे विसरभोळेपणानं होत नाही. कार्यकर्त्याला हा शब्द अडचणीचा वाटतो. तरुण दोस्त मला विचारतात, "करुणा कुणावर करायची? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तुडवलं त्यांच्यावर?" प्रश्न रास्त आहे. आणि आपल्या साहित्याची समीक्षासुद्धा वेदना, नकार, विद्रोह या तीन खुंट्यांवर सगळी पुस्तकं टांगून मोकळी होते. चौथी खुंटी ठोकायची हिंमत नाही. करुणेचं नाव काढलं की विद्रोह पातळ होईल, अशी धास्ती.

मला उलटं म्हणायचंय. ज्याला आपण करुणा समजून घाबरतो ती दया आहे. दया ही त्यांची चीज. तिला घाबरायलाच पाहिजे. करुणा वेगळी. ती न्यायाच्या मागून येते, न्यायाच्या बदल्यात येत नाही. आणि आपल्या लेखनात जे खरोखर टिकलं ते वेदनेच्या आरड्याओरड्यानं टिकलेलं नाही, या करुणेनं टिकलंय. आता हे सिद्ध करून दाखवतो. पटलं नाही तर भांडा.

०

आधी शब्दाचंच बघू. मराठीत करुणेबरोबर कुठलं क्रियापद येतं? भाकणं. करुणा भाकतात. खालचा भाकतो, वरचा करतो. वाटलं तर करतो. समर्थांची करुणाष्टकं घराघरांत म्हटली जातात. भक्त रडतो, देव ऐकतो. म्हणजे या भाषेतच करुणा वरून खाली गळते. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्याकडेच ती असू शकते. आपल्याकडे फक्त पसरलेला हात.

चोखोबांनी असा हात जन्मभर पसरला. पंढरपूरच्या देवळात पाय टाकता आला नाही. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकूस बांधायच्या कामावर असताना ते कूस अंगावर पडून ते मेले. देवळाच्या बाहेर भक्त, गावात वेठीचा गडी. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या माणसांबद्दलचा आदर त्यांनी कधी सोडला नाही. पण भाकण्याची वाट सोडली. आदर आणि अनुकरण या दोन गोष्टी आहेत, हे आपण त्यांच्याकडूनच शिकावं.

आता पंडितांकडे चला. करुण रस म्हटला की भवभूती, आणि भवभूती म्हटला की 'उत्तररामचरित'. रामाचं सीतेसाठीचं रडणं वाचून पंडितांचे डोळे ओले होतात. त्याच नाटकाचा दुसरा अंक उघडा. तिथं शंबूक आहे. तप करणारा शूद्र. ब्राह्मणाचं पोर मेलंय, ते जिवंत व्हायला शंबुकाचं डोकं उतरवलं पाहिजे. रामाचा हात क्षणभर अडतो. मग तो आपल्याच उजव्या हाताला बजावतो, की गरोदर सीतेला घालवून देणाऱ्या माणसाचा तू हात, तुझ्यात करुणा कुठून येणार? आणि तलवार चालते. त्याच्यावर कळस म्हणजे मेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन परत येतो आणि मारणाऱ्यापुढंच वाकतो.

मी म्हणतो, भवभूती खोटा नाही. त्यानं खरं लिहून ठेवलंय. त्या हाताकडे करुणा नाही, हे त्या हाताच्या मालकालाच कबूल आहे. पण नाटक बघणारा कुणासाठी रडतो? रामासाठी. मारताना त्याला केवढा त्रास झाला म्हणून. शंबुकासाठी त्या प्रेक्षागृहात कुणी रडत नाही. करुण रस म्हणजे बघणाऱ्याची सोय. रडायचं, हलकं व्हायचं, घरी जायचं. ज्याचं डोकं उतरलं त्याच्या बाजूनं काहीच बदलत नाही.

हे जुनं झालं म्हणाल तर आपल्या जवळचं घेतो. साने गुरुजींची 'श्यामची आई'. १९३५ साली आलेलं पुस्तक, आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर १९५३ साली सिनेमा काढला. महाराष्ट्रातल्या पोराला चांगुलपणा शिकवायचा तर हे पुस्तक हातात देतात. त्यात एक म्हातारी महारीण आहे. तिची मोळी खाली पडलीय. शिवायचं नाही म्हणून कुणी उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर.

या प्रसंगावर हसू नका. त्या काळात, त्या गावात त्या बाईनं एवढं सांगणं सोपं नव्हतं. गुरुजी तर आईच्या पुढं गेले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. माणूस प्रामाणिक होता. पण समीक्षा करायची तर नीट करू. मोळी उचलली, डोक्यावर दिली, इथपर्यंत हात माणसाचा. त्यानंतर आंघोळ. ही आंघोळ म्हणजे दयेची व्याख्या आहे. दया हात पुढं करते आणि मग हात धुते. आणि म्हातारीच्या बाजूनं बघा. ती पुस्तकात बोलते ती आशीर्वादापुरती. पोरगा आंघोळ करतोय हे तिला ठाऊक असणारच. तिला काय वाटलं असेल? ते मराठी साहित्यात कुणी लिहिलं नाही. ते लिहायला म्हातारीच्या नातवांना लेखणी हातात घ्यावी लागली.

माझी कसोटी एवढीच. कुठलीही कथा, कुठलीही कविता, कुठलंही समाजकार्य समोर आलं की विचारायचं, याच्या मागं आंघोळ आहे का?

०

बाबासाहेबांना हा फरक पक्का ठाऊक होता. १९३२ साली पुणे करारानंतर गांधीजींच्या लोकांनी अस्पृश्यतानिवारणाची संघटना काढली, तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. गोलमेज परिषदेसाठी विलायतेला निघालेल्या बाबासाहेबांनी त्या नोव्हेंबरात बोटीवरून ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. ते 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या त्यांच्या १९४५ च्या ग्रंथात छापलंय. प्रत्येक कार्यकर्त्यानं ते वाचावं. सांगणं असं: अस्पृश्यांना दारू सोडायला शिकवणं, व्यायामशाळा काढणं, वाचनालयं काढणं ही कामं वाईट नाहीत, पण माणूस आपल्या दुर्गुणानं दुःखात आहे असं समजून तुम्ही निघालात तर चुकलात. भोवतालची परिस्थिती बदला. विहिरीवर, शाळेत, चावडीत हक्क मिळवून द्यायची मोहीम काढा. मारामारी झाली तरी चालेल.

आणि पत्राच्या शेवटी हा कठोर वकील प्रेमावर येतो. स्पृश्य आणि अस्पृश्य यांना कायदा एकत्र बांधून ठेवू शकणार नाही, ते काम प्रेमच करील, असं सांगतो. पण लगेच पुढची पायरी सांगतो: कुटुंबाच्या बाहेर प्रेम शक्य व्हायचं असेल तर आधी न्याय झाला पाहिजे. न्यायानंच ते दार उघडतं.

दोस्तांनो, मला वाटतं करुणेबद्दल आपल्याला जे काही हवं ते सगळं इथं आहे. न्याय आधी. प्रेम मागून. क्रम उलटा केला की दया होते. ठक्करबाप्पांकडून त्या पत्राला उत्तरसुद्धा आलं नाही, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. दया असंच वागते. तिला ऐकायची सवय नसते.

मग १९५७ साली, त्यांच्या मागं, 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झालं. सिद्धार्थ गौतम घर सोडून का गेला? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघून गेला, ही शाळेतली गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं त्याआधी म्हातारा बघितलाच नव्हता हे पटणारं नाही, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यांनी दुसरी हकीकत घेतली. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदी. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी. शाक्यसंघानं युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थानं विरोध केला, मतदानात हरला. सैन्यात जायला नकार दिला तर फाशी किंवा हद्दपारी, नाहीतर घरच्यांवर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त. घरच्यांवर आपली शिक्षा पडू नये म्हणून त्यानं परिव्रज्या पत्करली.

पाणी. मतदान. बहिष्कार. हे शब्द ओळखीचे वाटतात ना? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसानंच हा बुद्ध लिहिला, हे विसरायचं नाही. या बुद्धाची करुणा झाडाखाली डोळे मिटून सुरू झालेली नाही. ती पाण्याच्या भांडणात, भर सभेत, बहुमताच्या विरोधात हात वर करून सुरू झालीय. आणि किंमत त्यानं स्वतः भरली.

त्याच ग्रंथात सद्धम्माची पायरी-पायरीनं मांडणी आहे. नुसती विद्वत्ता पुरत नाही, प्रज्ञा पाहिजे. नुसती प्रज्ञा पुरत नाही, शील पाहिजे. दोन्ही असून भागत नाही, करुणा पाहिजे. आपण इथं थांबतो, कारण भिंतीवर तीनच शब्द मावतात. बाबासाहेब थांबत नाहीत. करुणासुद्धा पुरत नाही म्हणतात, मैत्री पाहिजे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांशी. आता मैत्री हा शब्द बघा. मैत्री भाकता येत नाही. मैत्रीत वरचा-खालचा नसतो. बाबासाहेबांनी करुणेच्या पुढं मैत्री ठेवली आणि करुणेला वरून खाली गळायची वाटच बुजवून टाकली. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांबद्दल दया हा शब्द आहे, पुढं प्रज्ञा, शील, करुणाही आहेत. शब्दावरून भांडायचं नाही. शब्द कुठल्या जागेवर उभा राहून बोलला जातो, ते बघायचं.

०

आता लालबाग-परळला या. गिरण्यांच्या धुराखाली. कामगार सगळा एक, असं पुढारी म्हणायचे. पण विणकाम खात्यात अस्पृश्याला काम नव्हतं. साच्यावर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा मराठा विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून जास्त पगाराचं खातं बंद. आपली माणसं त्रासनखात्यात, कमी मजुरीवर. पाण्याची भांडीसुद्धा वेगळी.

१९२८ चा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी विचारलं, मालकापुढं ठेवायच्या मागण्यांत आमच्या माणसाला विणकाम खातं उघडण्याची मागणी आहे का? नसेल तर आमचा पाठिंबा कशासाठी? पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागणी घेतली. कामगारांची एकी फोडली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण एकी होती कुठं? एका धोट्याला दोन तोंडं लागत नव्हती, तिथं एकी कसली?

आणि लगेच पुढचं पान वाचा. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. ज्यांच्याशी १९२८ साली भांडले त्यांच्याबरोबर. धोट्याचा हिशेब मांडायचा तेव्हा मांडला, आणि सगळ्या कामगारांच्या गळ्याला फास बसतोय म्हटल्यावर पाठ फिरवली नाही. त्या विणकराचाही संपाचा हक्क राहिला पाहिजे म्हणून रस्त्यावर आले. याला मी करुणा म्हणतो. मोळी उचलण्यापेक्षा हे अवघड आहे. ज्यानं आपला धोटा बाटतो म्हटलं त्याच्या पोटासाठी संप करायचा.

०

लेखनाकडे येतो, कारण हे पान त्यासाठी आहे.

गिरगावात खटाववाडीत 'मौज'चा छापखाना. तिथून 'सत्यकथा' निघायची, १९८२ पर्यंत निघाली. चांगली मराठी कथा म्हणजे काय, ते तिथं ठरायचं. माणसाचं एकटेपण, मनाचे कोपरे, संध्याकाळचा उजेड. मी त्या लेखकांना खोटं म्हणत नाही. त्यांचा माणूस एकटा होता हे खरं, पण त्याच्या घरात नळ होता. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या दोस्तांनी 'सत्यकथे'ची होळी केली. अशाच सायक्लोस्टाइल पानांवर त्यांनी भांडण मांडलं. तो राग कशाचा होता? करुणेचा मक्ता कुणी घ्यावा याचा. सगळ्या मानवजातीसाठी हळहळणाऱ्या कथेत झोपडपट्टी नव्हती.

१९५८ साली दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे होते. त्यांची 'स्मशानातील सोनं' घ्या. भीमा, वारणेकाठचा दांडगा गडी, मुंबईच्या उपनगरात खाणीवर दगड फोडतो. खाण बंद पडते. राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि तो मढी उकरायला लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, दोन बोटं तोडावी लागतात. आणि त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झालीय.

या कथेत एकही वाक्य असं नाही की जे वाचकाला म्हणतं, बिचारा भीमा. भीमा भयंकर आहे, किळस यावी असं काम करतो, आणि अण्णाभाऊ त्याला झाकत नाहीत. पण खाण कधी बंद झाली आणि कधी सुरू झाली एवढं मात्र चोख सांगतात. दया म्हणते, बघा काय वेळ आली बिचाऱ्यावर. करुणा म्हणते, खाण कुणी बंद केली? कारण शोधणारी करुणा म्हणजेच प्रज्ञेला बांधलेली करुणा. ती अण्णाभाऊंकडे होती.

बाबुराव बागुल घ्या. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो. जात उघडी पडते, मार बसतो. काशिनाथ नावाचा दुसरा दलित कामगार सुरा घेऊन धावतो, त्याला सोडवतो. हा काशिनाथ म्हणजे विद्रोह. आपली समीक्षा त्याच्यावर खूश असते. पण कथेचा शेवट मार खाल्लेल्याच्या तोंडी आहे. त्याच्या लेखी मारणारे ते लोक नव्हतेच, मारणारा मनू होता.

हा शेवट काहींना पळपुटा वाटतो. मला तो आपल्या साहित्यातला सगळ्यात धाडसी शेवट वाटतो. मार खाऊन अंग सुजलेलं असताना समोरच्या हाताच्या मागचा हात दिसणं, ही प्रज्ञा. आणि म्हणून त्या समोरच्याचा खून न मागता मनूचा खून मागणं, ही करुणा. काशिनाथ नसता तर हा माणूस मेला असता, हेही बागुलांना ठाऊक आहे. म्हणून काशिनाथचा सुरा त्यांनी कथेतून काढून टाकला नाही. दोघं एकाच कथेत आहेत. सुरा जीव वाचवायला, शहाणपण सूड थांबवायला.

त्यांचीच 'आई'. शाळेत आईवरची कविता चाललीय आणि पांडूला पोरं त्याच्या आईवरून टोचतात. बाप क्षयानं गेलेला, संशयी. आई बांधकामावर राबणारी. वर्षानुवर्षं तिनं स्वतःला आवरून धरलं, आणि आता मुकादमाकडे जाते. पोराला कळतं, पोर पळत सुटतं. तिला त्याच्यामागं धावायचंय, पण मुकादमाची मिठी सुटत नाही. बागुल पोराच्या तिरस्काराला खोटं ठरवत नाहीत आणि आईच्या भुकेलाही. पोटाची भूक, अंगाची भूक, प्रेमाची भूक, सगळी. निकाल देत नाहीत. मराठीत आईवर शेकडो कविता आहेत. सगळ्या मिळून या एका बाईला बाई म्हणून उभं राहू देत नव्हत्या. बागुलांनी दिलं. त्याला मी करुणा म्हणतो. देव्हाऱ्यात न बसवता, चिखलात न ढकलता माणसाला बरोबरीनं बघणं.

०

आता अवघड प्रश्न. १९७४ चा जानेवारी. वरळीच्या बीडीडी चाळीत दंगल पेटलेली. १० जानेवारीला दलित पँथरचा मोर्चा परळमधून जाताना वरून दगड पडला आणि भागवत जाधव हा आपला तरुण ठार झाला. त्या दगडापुढं करुणा काय म्हणणार?

ती 'माफ करा' म्हणणार नाही. करुणा आणि क्षमा एक नाहीत. गुन्हा झाला तर गुन्ह्याची दाद मागायची, शेवटपर्यंत मागायची. खैरलांजीला २००६ साली जे झालं त्यावर हळहळ पुष्कळांनी वाहिली. हवा होता न्याय. करुणा एवढंच सांगते, की दगड टाकणाऱ्यासारखं व्हायचं नाही. त्या दंगलीत एकमेकांसमोर उभे होते ते बहुतेक कामगारच होते, एकाच भोंग्यावर उठणारे. त्यांना एकमेकांविरुद्ध कुणी उभं केलं, हे विचारायची ताकद आपल्यात राहिली पाहिजे. रागानं ती जाळून टाकली तर मनूचं काम आपण फुकटात करतो.

एक दुसरी पळवाट आहे, तीही सांगतो. त्याच १९६९ च्या जुलैत गोएंका गुरुजींनी भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर मुंबईत घेतलं. आता आपली पुष्कळ माणसं शिबिरांना जातात. चांगलं आहे. डोकं शांत झालं तर वाईट कशाला म्हणू? पण दहा दिवस सगळ्या विश्वाचं मंगल चिंतून बाहेर आलेल्या माणसाला वस्तीतला तुंबलेला संडास दिसत नसेल, तर ती मैत्री हवेत गेली. रोहिणीच्या काठावर सभेत हात वर करायचा होता. डोळे मिटून हात वर झाला की नाही ते दिसत नाही.

०

आणि आता आपल्याच घरात शिरतो.

सहा डिसेंबरला दादरला लाखो माणसं येतात. चैत्यभूमीची रांग, शिवाजी पार्कातले पुस्तकांचे स्टॉल. जगात कुठं माणसं एवढी पुस्तकं विकत घ्यायला पायपीट करत येत असतील असं मला वाटत नाही. पण बाजूला अन्नदानाचे मंडप बघा. पुढारी केवढा, भाताचं पातेलं केवढं! फलकावर देणाऱ्याचा फोटो, हात जोडलेला. मराठवाडा-विदर्भातून रात्रभर डब्यात उभी राहून आलेली म्हातारी त्या फोटोखाली ताट धरून उभी. तिला जेवण मिळालंच पाहिजे. पण हे दान आहे की आपल्या घरी आलेल्या पाहुणीचं जेवण? तिच्याच बाबासाहेबांच्या दारात तिनं करुणा भाकायची? एकच करा. फोटो काढून टाका, आणि तिच्या पंगतीला बसून जेवा.

सात डिसेंबरच्या पहाटे ते मैदान कोण झाडतं? आपलीच माणसं. महापालिकेच्या कायम नोकरीतली काही, कंत्राटावरची काही. रात्री समतेची गाणी ऐकलेल्या मैदानावरून पहाटे द्रोण-पत्रावळ्या वेचणाऱ्या बाईला जय भीम घालायला त्या वेळी कुणी नसतं. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख, २०२३ साली ३० लाख द्यायचा आदेश दिला. रकमा वाढल्या, माणसं उतरायची थांबली नाहीत. हा प्रश्न ज्यांच्या घरातला आहे त्यांच्यातही जाती आहेत, आणि 'ते आपले नाहीत, ते अमक्या जातीचे' असं म्हणणारे निळ्या टोपीतले लोक मी ऐकलेत. तेव्हा माझ्या मनात श्यामची आंघोळ येते.

घराच्या उंबऱ्याच्या आत तर आणखी. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. गावानं महारवाड्याला जसं दाबलं तसं महारवाड्यानं आपल्या सुनांना दाबलं, हे त्यांनी लपवलं नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढून आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या हकीकती गोळा केल्या. उर्मिलाताईंच्या 'आयदान'मध्ये (२००३) शिकू पाहणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या बाईला घरातून काय ऐकावं लागतं ते आहे. ही पुस्तकं आली तेव्हा काही जण म्हणाले, घरची लक्तरं वेशीवर का टांगता? असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, शंबुकानं आभार मानावेत अशी तुझी इच्छा आहे का? या बायांनी आपल्या माणसांचा द्वेष केलेला नाही. ज्यांनी छळलं त्या सासवांची भूक आणि भीतीही बेबीताईंनी लिहिली. छळणारीच्या डोक्यावरचं ओझं दाखवलं आणि छळाला छळच म्हटलं. बागुलांनी जे केलं तेच.

म्हणून या पानासाठी कथा-कविता पाठवणाऱ्या दोस्तांना सांगतो. राग आहे, तो असू द्या, कमी करू नका. पण लिहिलेलं परत वाचताना बघा, तुमच्या कथेतली बाई फक्त अत्याचार व्हायलाच आलीय का? तुमचा भीमा वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला तर उभा नाही? खाण कुणी बंद केली ते लिहिलंत का? आणि कथेतला सावकार, पाटील, मुकादम नुसता राक्षस असेल तर कथा कच्ची आहे, कारण राक्षस मारला की काम संपतं. मनू मात्र उरतो.

आपण करुणा भाकणारे होतो. १९५६ साली ते संपलं. त्यानंतर करुणा ही आपली जबाबदारी झाली, द्यायची आणि घ्यायची, बरोबरीच्या माणसांत. भिंतीवरचा तिसरा शब्द पुढच्या सभेत पहिला घ्या. त्यावर पंधरा मिनिटं बोला. मग चहाचे कप तुम्ही स्वतः धुवा.

जय भीम.